तळ्यावरचं शहर मोजताना : काठमांडू, नोव्हेंबर २०१५

रविवार : सुंधारा आणि कांतिपथ

विमान काठमांडूवर घिरट्या घालायला लागलं की खाली डोंगरांच्या कड्यात बसलेलं एक सपाट, विटकरी शहर दिसतं. शेजारच्या सीटवरचे सर खिडकीशी नाक लावून म्हणाले, "हिमालयात एवढी सपाट जागा फुकट मिळत नाही." इथे एके काळी तळं होतं. चहूबाजूंच्या डोंगरांतून नद्यांनी गाळ आणला, तो लाखो वर्षं साचत राहिला आणि शेवटी पाणी वाहून गेलं. मागे राहिलेल्या गाळाची जाडी मध्यभागी पाचशे मीटरांच्या वर आहे, आणि त्यावर आज नेपाळची राजधानी उभी आहे. २५ एप्रिलच्या भूकंपात हा गाळ कुठे कसा हलला असेल, हे जागोजागी जमिनीची थरथर टिपणारं यंत्र ठेवून पाहायचं, एवढंच आमचं काम. सर निवृत्तीला आलेले, मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. तिथे आमच्यासोबत होते काठमांडूच्या एका कॉलेजातले भूगर्भशास्त्राचे शिक्षक, ज्यांना सगळे दाइ, म्हणजे दादा, म्हणत, आणि त्यांची एक विद्यार्थिनी. ती मला दिदी म्हणायची आणि मी तिला बहिनी.

यंत्र सोबत नेणाऱ्यांसाठी आधीच सांगते. संस्थेच्या कागदावर यंत्रांची यादी, त्यांचे क्रमांक आणि 'काम झाल्यावर परत नेणार' हे वाक्य हवंच. बारा व्होल्टची बॅटरी विमानात न्यायच्या भानगडीत पडू नका. तेव्हा रोज काही तास वीज जाणाऱ्या काठमांडूत इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या गल्लोगल्ली मिळायच्या. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. शंभर भारतीय रुपयांचे एकशेसाठ नेपाळी, हा दर ठरलेला आहे. आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. आमचं यंत्र जागतिक वेळ लिहितं, सरांच्या मनगटावर भारतातली वेळ, बहिनीच्या वहीत नेपाळची. पहिल्याच संध्याकाळी तीन वेळांचा घोळ झाला आणि मग 'वहीत फक्त यंत्राची वेळ' असा फतवा निघाला.

आम्ही गेलो तेव्हा नाकाबंदी चालू होती. सप्टेंबरात नवी राज्यघटना आली, तराईत आंदोलन पेटलं आणि भारताच्या सीमेवरून इंधनाचे टँकर येणं जवळपास थांबलं. दिल्लीने 'आम्ही काही अडवलेलं नाही' म्हणायचं आणि काठमांडूत एकानेही ते खरं मानायचं नाही. पेट्रोल पंपापासून गाड्यांची रांग दोन-दोन चौक ओलांडून गेलेली. हॉटेलांच्या दारांवर छोट्या केलेल्या मेनूचे कागद. आम्ही उतरलो त्या घरी तर गच्चीवर विटांची चूल मांडून भात शिजत होता. "कुठून आलात?" या प्रश्नाला "भारतातून" म्हटलं की समोरचा क्षणभर गप्प व्हायचा. पुढचं वाक्य मात्र बहुतेक वेळा "बसा, चिया घ्या" हेच असायचं.

नाकाबंदीचा एक फायदा आम्हाला झाला, आणि तो कबूल करायला थोडं ओशाळवाणं वाटतं. रस्त्यांवर गाड्या कमी, म्हणून जमिनीत गोंगाट कमी. एरवी काठमांडूच्या रस्त्याकडेला स्वच्छ नोंद मिळणं कठीण, असं दाइ सांगत होते.

संध्याकाळी सुंधाऱ्याला धरहरा पाहिला. पाहिला म्हणजे त्याचा उरलेला बुंधा. हा मनोरा १९३४च्या भूकंपात मोडला, पुन्हा बांधला गेला आणि यंदा पुन्हा बुंध्यापासून गेला. तिथून चालत कांतिपथावर आलो. एप्रिलच्या मुख्य धक्क्याची सगळ्यात गाजलेली नोंद याच रस्त्यावरच्या एका यंत्राची आहे. त्या नोंदीने सगळे चक्रावले. ७.८ तीव्रतेचा भूकंप, फुटलेला पट्टा भूकंपाचं केंद्र असलेल्या बारपाकपासून पूर्वेकडे सरकत काठमांडूच्या खालून गेलेला, अख्खं खोरं दीड-दोन मीटर दक्षिणेला सरकलेलं आणि जवळपास मीटरभर वर उचललेलं, आणि तरी शहराच्या मध्यात जमिनीला बसलेला झटका गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम सोळा टक्के. त्याउलट चार-पाच सेकंदांचे संथ, लांबलचक हेलकावे भरपूर.

तिथल्या चहाच्या टपरीवरच्या दिदीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "आधी गडगडलं, मग पिंग." पिंग म्हणजे दसऱ्याला गावोगावी बांधतात तो मोठा बांबूचा झोपाळा. तिने पातेलं खाली ठेवलं, दोन्ही हात समोर धरले आणि जमीन कशी गेली-आली ते हलवून दाखवलं. हात डावीकडे गेले, थबकले, उजवीकडे आले. सरांनी गुपचूप घड्याळ पाहिलं. त्यांनी तिला तीनदा करायला लावलं आणि एक पूर्ण फेरी प्रत्येक वेळी चार-साडेचार सेकंदांची भरली. सात महिन्यांपूर्वीची आठवण, त्यात भीती मिसळलेली. शोधनिबंधात असलं काही घालता येत नाही. सरांनी तरी ते वहीत लिहिलं, आणि समोर चहाचे पैसेही.

सोमवार : काळीमाटी

पहाटे पाचला धुक्यात निघालो. काळीमाटी ही वस्ती आणि तिथला मोठा भाजीबाजार. भूगर्भशास्त्रज्ञ काठमांडूच्या तळातल्या जाड, काळ्या चिकणमातीलाही हेच नाव देतात. आपली कापसाची काळी जमीन ती नव्हे. ती खडक झिजून झालेली, ही तळ्याच्या तळाशी निवांत बसलेली.

जवळच एका घराच्या पायाचा खड्डा खणलेला होता. सर उतरले, भिंतीतून बोटभर माती काढली, थोडी बोटांत चोळली आणि चिमूटभर दातांखाली धरली. राखणदाराच्या चेहऱ्यावरचे भाव मी विसरणार नाही. ही आमच्या धंद्यातली जुनी परीक्षा आहे. बारीक वाळू-पोयटा असेल तर दातांत करकरतो, निव्वळ चिकणमाती असेल तर लोण्यासारखी सरकते. "सरकते," सर म्हणाले आणि थुंकले. मग राखणदारानेही चाखून पाहिली. त्याच्या आजोबांच्या काळी शेतकरी ही माती खणून भाताच्या शेतात खत म्हणून टाकायचे, असं त्याने सांगितलं.

या मातीच्या पोटात आणखी एक गंमत आहे. तिच्यात कुजलेल्या वनस्पतींपासून झालेला मिथेन वायू आहे, आणि टेकू-त्रिपुरेश्वर भागात पूर्वी खोल भोकं पाडून त्याचा शोधही घेतलेला आहे. वर लोक सिलिंडरसाठी रात्र-रात्र रांगेत आणि पायाखाली गॅस. दाइंना हा विनोद इतक्यांदा ऐकावा लागला होता की ते हसलेही नाहीत.

एका शाळेच्या अंगणात यंत्र ठेवलं. रीत साधी आहे. घट्ट जमीन शोधायची, गवत नको, खाली पाण्याची टाकी किंवा गटार नको, वारा असेल तर झाडापासून लांब. मातीत छोटा खड्डा करून फरशीचा तुकडा पक्का बसवायचा, त्यावर डब्याएवढा सिस्मोमीटर. होकायंत्राने उत्तर लावायची, तीन पायांचे स्क्रू फिरवून पाणसळीचा बुडबुडा बरोबर वर्तुळाच्या मधोमध आणायचा. सरांचा बुडबुड्यावर फार जीव. तो रेघेला जरी टेकला तरी "अगं, पुन्हा." मग वाऱ्यासाठी वर बादली पालथी घालायची, सगळ्यांनी वीस पावलं मागे जायचं आणि तासभर काहीही करायचं नाही.

या 'काहीही न करण्याच्या' वेळात जमीन हलतच असते, फक्त आपल्याला कळत नाही. माणसांची पावलं, जनरेटर, बाजारातले हातगाडे यांनी भराभर थरथरते. त्याच्याखाली एक फार संथ कंपन असतं आणि ते दूरच्या समुद्राच्या लाटांमुळे होतं. समुद्रकिनारा नसलेल्या देशाच्या राजधानीत शाळेच्या अंगणात बसून आम्ही समुद्राच्या लाटा नोंदवत होतो, हे बहिनीला फार आवडलं. आडवं हलणं किती आणि उभं हलणं किती, याचं गुणोत्तर काढलं की गाळाला स्वतःला कोणत्या ठेक्यावर डोलायला आवडतं ते आलेखात उंचवटा होऊन दिसतं. जपानमध्ये नाकामुरा यांनी १९८०च्या दशकात ही रीत लोकप्रिय केली. भोक पाडायला नको, सुरुंग नको, परवानग्याही कमी. गरीब देशांना परवडणारी म्हणून ती जगभर पसरली.

दुपारी लॅपटॉपवर पहिला आलेख आला. उंचवटा चार ते पाच सेकंदांच्या मधे. सरांनी वही काढून टपरीवाल्या दिदीच्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

हिशोब कागदाच्या कपट्यावर मावतो. गाळाच्या जाडीची चौपट घ्या आणि त्यातून कंपनं ज्या वेगाने जातात त्याने भागा. पाचशे मीटर जाडी, सेकंदाला सरासरी चारशे मीटर वेग, म्हणजे पाच सेकंद. आता घरांचं बघा. ढोबळमानाने मजल्यामागे सेकंदाचा दहावा भाग. चार मजली घर स्वतः डोलतं ०.४ सेकंदांच्या ठेक्यावर. गाळ पाच सेकंदांच्या ठेक्यात आणि घर त्याच्या दहापटीहून जलद ठेक्यात, दोघांचं जुळलंच नाही. म्हणून शहराच्या मध्यात भीती होती तेवढी सिमेंटची लहान घरं पडली नाहीत, आणि उंच अपार्टमेंटांच्या भिंती मात्र तडकल्या. माती-विटांची जुनी घरं आणि देवळं गेली ती वेगळ्या दुबळेपणामुळे.

हे समजल्यापासून एक वाक्य कानाला टोचायला लागतं. काठमांडूत ते दिवसातून कितीदा तरी ऐकू येतं : "आमचं घर एवढ्या मोठ्या भूकंपात टिकलं, म्हणजे मजबूत आहे." घराची परीक्षा झालीच नाही हो, पेपर दुसऱ्याच विषयाचा होता, असं सरांच्या ओठांवर यायचं. ते काही बोलायचे नाहीत, चष्मा पुसायचे.

मंगळवार : कीर्तिपूर आणि चोभार

आज खडकावर. कीर्तिपूर हे नेवार लोकांचं जुनं गाव टेकडीवर वसलं आहे, खाली त्रिभुवन विद्यापीठ. गाळावरच्या आलेखाची तुलना करायला जवळपास खडकावरचा एक आलेख लागतोच. इथे जपानच्या होक्काइदो विद्यापीठाने त्रिभुवन विद्यापीठाबरोबर भूकंपाच्या आधीच यंत्रं बसवून ठेवली होती. एक कीर्तिपूरच्या खडकावर, बाकीची खोऱ्यातल्या गाळावर. त्यामुळे एकाच भूकंपाची दोन्हीकडची नोंद मिळाली. खडकावर तुटक, कडक झटका आणि गाळावर संपता न संपणारा हेलकावा.

आमचा कीर्तिपूरचा आलेख अपेक्षेप्रमाणे सपाट आला. सपाट आलेख पाहून इतका आनंद व्हावा असा दुसरा धंदा नसेल.

गच्चीवर यंत्र चालू ठेवून (चुकले, अंगणात. गच्चीवर यंत्र ठेवलं तर जमीन नाही, घर मोजलं जातं) आम्ही जेवायला गेलो. चुलीच्या धुराने काळवंडलेल्या एका खोलीत आजीने बारा वाढला, उडदाची डाळ वाटून तव्यावर घातलेलं जाडसर धिरडं, वर अंडं. सोबत कोरडे पोहे, ज्याला तिकडे चिउरा म्हणतात, आणि बांबूच्या आंबवलेल्या कोंबांची बटाटा घातलेली आंबटसर आमटी, आलु-तामा. कोरडे पोहे तसेच खायचे ही कल्पना सरांना पचायला जरा वेळ लागला. दुसऱ्या वाढणीला त्यांनी तक्रार केली नाही. कीर्तिपूरला जाणार असाल तर दुपारचं जेवण तिथेच करा, आणि थंडीत आकाश स्वच्छ असेल तर उत्तरेला गणेश हिमाल आणि लांगटांगची रांग दिसते ती बघायला साडेतीनच्या आत टेकडीच्या माथ्यावर पोहोचा.

उतरताना चोभारच्या घळीत थांबलो. खोऱ्यातलं सगळं पाणी बागमतीतून इथूनच बाहेर पडतं. अरुंद कातळ, खाली नदी, काठावर जलविनायकाचं देऊळ. मंजुश्री बोधिसत्त्वाने तलवारीने डोंगर कापला आणि तळं रिकामं केलं, ही इथली कथा शाळकरी पोरांनाही तोंडपाठ. दाइ वर्गात तळ्याच्या गाळाचा धडा शिकवायला सुरुवात करतात ती मंजुश्रीपासूनच. "तलवार सोडली तर बाकी सगळं बरोबर आहे," असं ते मुलांना सांगतात.

बुधवार : गोंगबू

कालपर्यंत सगळं सुरळीत होतं, आज लोकांनी अडवलं. आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

गोंगबू म्हणजे शहराच्या उत्तरेचा नवा बसपार्क, भोवती प्रवाशांसाठी घाईघाईने चढवलेली लॉज आणि भाड्याची घरं. इथे सिमेंटच्या कितीतरी इमारती बसल्या. काही एकमेकींवर कललेल्या आजही तशाच होत्या, लाकडी टेकू लावून. आम्ही एका मोकळ्या जागेत फरशी रोवत होतो तोच समोरच्या चार मजली घराचे मालक खाली आले. पन्नाशीचे, डोक्यावर ढाका टोपी. गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्या आकाशाकडे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला : "हे मशीन कोणत्या रंगाचं स्टिकर देतं?"

भूकंपानंतर अभियंते घरोघर फिरले होते. हिरवं म्हणजे राहा, पिवळं म्हणजे दुरुस्ती करून राहा, लाल म्हणजे बाहेर पडा. लाल लागलं की भाडेकरू गेले, बँक मागे लागली. त्यामुळे पेटी घेऊन आलेल्या कोणाकडेही लोक याच नजरेने बघणार. त्यात आम्ही भारतातले. मागून कोणीतरी म्हणालंच, "आधी पेट्रोल सोडा म्हणावं, मग जमीन मोजा."

दाइंनी सांगितलं, सरांनी सांगितलं, पटलं नाही. शेवटी बहिनीने लॅपटॉप त्यांच्यासमोर उघडला आणि म्हणाली, "बुवा, तुम्हीच जरा पाय आपटा." त्यांनी जमिनीवर पाय आपटले आणि पडद्यावर तिन्ही रेघा उसळल्या. पुन्हा आपटले, पुन्हा उसळल्या. पाचव्या मिनिटाला गल्लीतली सगळी पोरं उड्या मारत होती आणि आमची नोंद वाया गेली होती. पण वातावरण निवळलं. मालकांनी स्वतः पोरांना हाकललं आणि पुढचा तासभर काठी घेऊन रखवाली केली. इतकी शांत नोंद आम्हाला आणखी कुठे मिळाली नाही.

अशा कामाला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. यंत्र पेटीतून काढायच्या आधी लोकांना भेटा. स्थानिक माणूस सोबत असावा, आणि शक्यतो तोच बोलू दे. घरांचे फोटो काढू नका, निदान विचारल्याशिवाय तर नाहीच. आणि "पुढचा कधी येणार?" हा प्रश्न प्रत्येक गल्लीत येतो, त्याला एकच खरं उत्तर आहे : तारीख कुणालाही सांगता येत नाही. ते न चाचरता द्या. जरा चाचरलात की संध्याकाळपर्यंत गावभर अफवा.

इथला उंचवटा काळीमाटीच्या मानाने बराच कमी सेकंदांवर आला. खोऱ्याच्या कडेला गाळ पातळ होत जातो, त्यामुळे त्याचा ठेकाही जलद. म्हणजे चार-पाच-सहा मजल्यांच्या घरांच्या ठेक्याच्या जवळ सरकलेला. गोंगबूत एवढं का पडलं याचं हे पूर्ण उत्तर नाही. नीट बांधलेलं किती होतं, हा प्रश्न जमिनीच्या आधी येतो. दोन इमारती शेजारी शेजारी, एक उभी, एक झोपलेली, असं दिसतं तेव्हा मातीला किती दोष देणार?

चहा पाजताना मालकांनी विचारलं, अजून एक मजला चढवू का? घर तर टिकलं. सरांनी यावेळी चष्मा पुसला नाही. त्यांनी मालकांना सांगितलं की आपल्याकडे लातूर जिल्ह्यात किल्लारीला १९९३मध्ये भूकंप झाला, तीव्रता याच्या मानाने कितीतरी कमी, ६.२, आणि दगडमातीच्या जाड भिंतींखाली गावंच्या गावं गेली. किती मोठा आला यापेक्षा कोणत्या ठेक्यावर आला आणि घर कसं आहे ते महत्त्वाचं. यंदाचा तुमच्या घराच्या ठेक्यावर फारसा वाजला नाही. पुढचा वाजू शकतो. खांब बघून घ्या एखाद्या अभियंत्याकडून, मग मजल्याचं बोला. मालक बराच वेळ सळ्यांकडे पाहत राहिले. मग त्यांनी सरांना किल्लारीत नंतर घरं कुणी बांधून दिली, किती पैसे मिळाले, किती वर्षं लागली, हे इतकं खोदून विचारलं की आमची पुढची जागा राहूनच गेली.

गुरुवार : लोकंथली, मग भक्तपूर

भक्तपूरकडे जाणाऱ्या अरनिको महामार्गावर लोकंथलीला जमीन फाटली होती. भेग खोऱ्याच्या खालच्या मुख्य फाल्टची, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतो तिथली, नव्हे. वरचा मऊ थरच घसरून खचला, आणि रस्त्यासकट घरं वाकडी झाली. रस्ता दुरुस्त केलेला होता, तरी बस तिथून जाताना पोटात गोळा येतो.

इथे वरच्या तीस मीटरांतून कंपनं किती वेगाने जातात ते मोजायचं होतं. एका रेषेत चोवीस जिओफोन, म्हणजे थरथर टिपणारी छोटी यंत्रं, मातीत टोचायचे, टोकाला लोखंडी पाटी ठेवायची आणि घणाने हाणायची. लाट रेषेवरून पळत जाते, जितकी जमीन मऊ तितकी रेंगाळते. घण उचलायला माझी पाळी आली तेव्हा भात झोडपणाऱ्या दोन बायका काम थांबवून बघायला आल्या. तिसऱ्या घावानंतर त्यातल्या एकीने घण माझ्या हातून काढून घेतला. तिच्या घावाची नोंद माझ्यापेक्षा दुप्पट स्वच्छ आली आणि उरलेली रेषा तिनेच पुरी केली. बदल्यात तिला आमच्या लाडवांच्या डब्यातले बेसनाचे लाडू.

मुक्कामाला भक्तपूर. चौकाचौकात भात वाळत घातलेला, भिंतींना लाकडी टेकू, मोकळ्या जागी पत्र्याच्या खोल्या. दरबार चौकातलं वत्सला दुर्गेचं देऊळ पूर्ण कोसळलेलं, आणि थोड्या अंतरावर भूपतींद्र मल्लाने १७०२मध्ये उभारलेलं पाच छपरांचं न्यातपोल जवळपास तसंच. १९३४मध्येही ते टिकलं होतं. इथे जुजु धौ खाल्ल्याशिवाय परतू नका, मातीच्या भांड्यात लावलेलं घट्ट, गोडसर म्हशीच्या दुधाचं दही. आम्ही दोन-दोन भांडी संपवली. लाकडाच्या चुलीवर आटवल्यामुळे यंदा त्याला धुराचा वास आहे, म्हणून दुकानदार माफी मागत होता. मला तो वासच आवडला.

रात्री दहाच्या सुमाराला पलंग हलला. आधी खिडकीची काच थरथरली, मग दोनेक सेकंदांनी आडवा हिसका, संपलंही. मी उठून बसेपर्यंत गल्लीत दारं उघडली होती, लोक चपला न घालता चौकात. कोणी ओरडलं नाही. एकमेकांना हाका मारून माणसं मोजली आणि पंधरा मिनिटांनी सगळे आत गेले. सर मात्र पायजम्यावर लॉजच्या अंगणात धावले होते, कारण यंत्र तिथे रात्रभरासाठी लावलेलं. सकाळी पाहिलं तर पराकंप, म्हणजे मोठ्या भूकंपामागून येणारा धक्का, छान पकडला गेला होता. आधी छोटी, भराभर रेघ, मग मोठी. त्या दोन रेघांमधलं अंतर पाहून बहिनीने केंद्र किती लांब ते तिथल्या तिथे काढलं : दोन सेकंदांचं अंतर, म्हणजे पंधरा-सोळा किलोमीटर. एक टोक आकड्यांनी पकडता आलं याचं तिला भलतंच समाधान वाटलं. सात महिने ती नुसतीच धावत बाहेर येत होती, असं म्हणाली.

शुक्रवार : परतीची आवराआवर

न्यातपोलच्या पायऱ्यांवर उन्हात बसलेल्या एका आजींना नब्बे सालचा भूकंप आठवत होता. नब्बे साल म्हणजे विक्रम संवत १९९०, आपला जानेवारी १९३४. तेव्हा त्या सात-आठ वर्षांच्या. त्यांनी दोन्हींची तुलना केली : तेव्हाचा रागावलेला होता, यंदाचा दमवणारा. यंत्रं त्या काळी इथे नव्हती, त्यामुळे आजींचं म्हणणं ताडून पाहायला काही साधन नाही. सरांनी वहीत लिहून घेतलं, पुढे सेकंद घालायची जागा रिकामी.

शनिवारी नेपाळमध्ये सुट्टी, कचेऱ्या बंद, रविवारी सगळं चालू. त्यामुळे शिक्के, पत्रं, कस्टमचे कागद हे सगळं शुक्रवारी दुपारच्या आत उरकायला लागतं. आम्ही धावतपळत उरकलं. सगळ्या नोंदींची एक प्रत दाइंच्या कॉलेजात ठेवली. बाहेरून येणारे लोक मोजून घेऊन जातात आणि आकडे परत येत नाहीत, ही तिथली जुनी तक्रार आहे आणि रास्त आहे. बॅटरी बहिनीच्या घरी दिली. वीज गेली की तिचा भाऊ त्यावर अभ्यास करतो.

पुण्याला आल्यावर दाइंचा फोन आला. गोंगबूच्या मालकांनी अभियंता बोलावला होता. त्याने खालच्या मजल्यावरचे दोन खांब जाड करायला सांगितलेत. पाचव्या मजल्याचा विषय मालकांनी स्वतः काढला नाही, पण सळ्याही कापलेल्या नाहीत, त्यांवर सध्या कपडे वाळतात. सिमेंट मिळत नाही म्हणून खांबांचं काम अडलंय. मालकांचा आमच्यासाठी निरोप होता : पुन्हा मशीन घेऊन याल तेव्हा सोबत गॅसचा एक सिलिंडरही आणा, जमीन वाट्टेल तेवढी मोजू देतो.